मार्सेल मेयर यांची ध्वनिमुद्रणं: कोणती प्रत ऐकावी आणि का

प्रश्न असा आला आहे: मार्सेल मेयर या फ्रेंच पियानोवादिकेनं वाजवलेला रामो (जुना फ्रेंच संगीतकार) कानावर पडला आणि आवडला. पुढे शोधायला गेलं तर एकाच रचनेच्या दोन-तीन प्रती सापडतात. प्रत्येकीचा आवाज निराळा, कुठे तर सूरही थोडा चढलेला किंवा उतरलेला. यातली कोणती प्रत धरायची, सुरुवात कुठून करायची, आणि जुन्या तबकड्या विकत घ्याव्यात का?

आधी थेट उत्तर. सुरुवात १९५३ सालच्या रामोपासून करा. मग शाब्रिए (१९५५) आणि त्यानंतर रावेल (१९५४) हे पुढच्या काळातले फ्रेंच संगीतकार ऐका. प्रती वेगळ्या वाटतात त्याची कारणं दोन. काही रचना बाईंनी खरोखरच दोनदा मुद्रित केल्या आहेत. आणि एकाच मुद्रणाच्या प्रतीही वेगवेगळ्या हातांनी, वेगवेगळ्या सुयांनी आणि वेगवेगळ्या ‘सफाई’नं काढलेल्या आहेत. पहिला फरक संगीताचा, दुसरा कारागिरीचा. हे दोन्ही वेगळे ओळखता आले की निम्मा गोंधळ मिटतो. तबकड्या मात्र सुरुवातीलाच घेऊ नका. कधी घ्याव्यात ते पुढे सांगतो.

बाईंची ओळख मोजकीच देतो. जन्म २२ मे १८९७, लील शहरात. पॅरिस कॉन्झर्व्हेटरीत मार्गरीत लाँग आणि आल्फ्रेड कोर्तो यांच्याकडे शिक्षण, १९१३ मध्ये सोळाव्या वर्षी प्रथम पारितोषिक. पुढे स्पॅनिश संगीतासाठी रिकार्दो विन्येस यांचं मार्गदर्शन. १९२० मध्ये रावेलनी रशियन बॅलेचे चालक दियागिलेफ यांना आपलं ‘ला व्हाल्स’ दोन पियानोंवर ऐकवलं, तेव्हा दुसऱ्या पियानोवर मेयर होत्या. १९२३ मध्ये पॅरिसला स्त्राविन्स्कीचं ‘ले नोस’ हे बॅले पहिल्यांदा रंगमंचावर आलं, त्यातल्या चार पियानोवादकांत त्या होत्या. रुआँच्या संग्रहालयात झाक-एमील ब्लांश यांचं ‘सहा जणांचा गट’ हे प्रसिद्ध चित्र आहे. त्यात मधोमध बसलेली बाई सहांपैकी कुणी संगीतकार नाही, ती मार्सेल मेयर आहे. १७ नोव्हेंबर १९५८ रोजी त्या पॅरिसमध्ये वारल्या.

मृत्यूचं हे साल लक्षात ठेवा, कारण विस्मरणाचं मोठं कारण त्यातच आहे. स्टिरिओ तबकड्या बाजारात येऊ लागल्या त्याच १९५८ साली. बाईंचा जवळजवळ सगळा ठेवा मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या अशा दोन मार्गांऐवजी एकाच मार्गाच्या आवाजाचा आहे. साठच्या दशकात कंपन्यांनी आपापल्या याद्या स्टिरिओनं नव्यानं भरायला घेतल्या, तेव्हा मोनो मुद्रणं मागच्या फळीवर गेली. त्यात बाईंचं उत्तरकाळातलं काम ‘दिस्कोफिल फ्राँसे’ या छोट्या फ्रेंच लेबलसाठी झालेलं. ईव्ह नाचं बेथोव्हेन आणि लिली क्राउसचं मोझार्टही याच घरातलं. आंरी स्क्रेपेल यांनी उभं केलेलं हे लेबल चोखंदळ होतं, पण त्याची पोच मर्यादित. तिसरं कारण अभिरुचीचं. रामो, कूपरँ, स्कार्लाती हे अठराव्या शतकातले संगीतकार हार्पसिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यावरच शोभतात असा आग्रह युद्धानंतर वाढत गेला, आणि बाईंचा सगळ्यात भक्कम ठेवा नेमका याच तिघांचा. बेथोव्हेन, शोपँ, लिस्ट यांवर नाव करणाऱ्यांना जी कायमची जागा मिळते, ती त्यांना मिळाली नाही. वाजवण्यात कमी होती म्हणून त्या मागे पडल्या, असं म्हणायला मुद्रणांत काहीही आधार सापडत नाही.

आता ठेव्याची रचना. एकूण मुद्रणं १९२५ ते १९५७ या काळातली. स्टुडिओतलं सगळं एकत्र हवं असेल तर ईएमआयच्या फ्रेंच शाखेनं काढलेला १७ सीडींचा संच आहे. त्याआधी ‘लेझ अँत्रूव्हाब्ल’ या मालिकेत हेच काम भागाभागानं आलं होतं. ईएमआयचा हा शास्त्रीय खजिना २०१३ पासून वॉर्नरकडे आहे, म्हणून आज तीच मुद्रणं वेगळ्या शिक्क्यानं दिसतात. शिक्का बदलला म्हणजे मुद्रण वेगळं, असं समजू नका.

या ठेव्याचे तीन थर आहेत. पहिला युद्धापूर्वीचा, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांचा. त्यातला मानाचा तुकडा म्हणजे दारियुस मियो यांचं ‘स्कारामूश’. दोन पियानोंची ही रचना मेयर आणि इदा यांकेलेव्हिच यांना अर्पण केलेली आहे. १९३८च्या मुद्रणात दुसऱ्या पियानोवर स्वतः मियो आहेत. दुसरा थर १९४६ पासूनच्या चाळीसच्या दशकाचा. लेबल दिस्कोफिल, पण तबकड्या अजून ७८च्याच. कूपरँ आणि रामोची पहिली फेरी इथली, बाखही याच थरात येतो. तिसरा थर १९५३ ते १९५७, टेपवर मुद्रित होऊन एलपीवर, म्हणजे मिनिटाला ३३ फेऱ्यांच्या लांब चालणाऱ्या तबकडीवर आलेला. रामो नव्यानं आणि सविस्तर, कूपरँ पुन्हा, स्कार्लाती, रावेल, शाब्रिए आणि शेवटी देब्युसी.

तुमच्याकडे रामोची जी प्रत आहे ती १९४६ची की १९५३ची, हे छापील माहिती नसतानाही बऱ्याचदा कळतं. मोठ्या रचनेत तीन-चार मिनिटांवर पृष्ठभागाची खरखर क्षणात बदलत असेल, तर तिथे तबकडीची बाजू पालटली आहे. म्हणजे मूळ मुद्रण ७८चं. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे ३ मिनिटं मावतात, बारा इंचीवर ४ ते साडेचार. टेपच्या मुद्रणात असा सांधा नसतो. तिथे एकसारखा बारीक ‘स्स्’ असतो आणि खालचे सूर भरीव लागतात.

तीन मिनिटांच्या या मर्यादेत एक गंमत आहे. आपल्याकडे ख्याल तीन मिनिटांत बसवताना गायकांना काय काय गाळावं लागलं, ते जुन्या तबकड्या ऐकणाऱ्यांना ठाऊक आहे. रामो-कूपरँच्या बाबतीत काहीच गाळावं लागत नाही. ‘ल तांबूरँ’ दीड मिनिटात आटोपतं. ७८ची तबकडी जणू याच संगीतासाठी बनली होती. मात्र थेट तबकडीवर मुद्रण करताना काटछाट अशक्य असते. एक सूर निसटला की सगळी बाजू पुन्हा वाजवायची. १९४६च्या प्रतींत जी सावध नीटसता जाणवते, तिचं एक कारण हे असावं. १९५३चा हात अधिक मोकळा आहे.

रामो ऐकताना कशाकडे लक्ष द्यावं? हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जाते, सतारीवर नखी चालावी तशी. बोट जोरात मारा की हळू, आवाज जवळपास तेवढाच. म्हणून जोर दाखवण्याचं काम अलंकार करतात, सुरावरचे खटके, थरथर, वरून घेतलेला स्पर्श. पियानोत हातोडी पडते, संतूरसारखी, आणि जोर बोटाच्या हातात असतो. बहुतेक पियानोवादक मग दोन्ही करतात. अलंकारही घेतात आणि त्यावर जोरही देतात, आणि संगीत जड होतं. मेयर अलंकाराला वजन देत नाहीत. खटका ठोक्याच्या आत संपतो आणि मूळ सूर आपल्या जागी येऊन बसतो. ‘ल रापेल देझ्वाझो’ म्हणजे पक्ष्यांची साद, यात हे सगळ्यात स्वच्छ ऐकू येतं. पेडल इतकं कमी की दोन्ही हातांच्या सादेमधली फट दिसते. ‘ले सिक्लोप’मध्ये दोन्ही हात एकमेकांवरून उड्या मारत भराभर ठोके देतात. तिथे डाव्या हाताचा जोर किती सारखा आहे ते पाहा. ‘गाव्होत’ आणि तिची सहा रूपं शेवटी ऐका. लय एकच राहते आणि सूर घनदाट होत जातात. लय न वाढवता चढ दाखवणं किती अवघड आहे, हे तबल्याची साथ ऐकणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

कूपरँचं ‘तिक-तोक-शोक’ हा तांत्रिकदृष्ट्या आणखी रोचक नमुना. १७२२च्या संग्रहातली ही रचना दोन थरांच्या पट्ट्या असलेल्या हार्पसिकॉर्डसाठी आहे. एक हात वरच्या थरावर, दुसरा खालच्या, आणि दोघे त्याच सुरांवर नाचतात. पियानोत पट्ट्यांचा थर एकच. एका हातानं दाबलेली पट्टी सुटण्याआधीच दुसऱ्या हाताला तीच हवी असते. हातोडी मागे फिरली नाही तर सूर मुका राहतो. पट्टी पूर्ण वर न येताही सूर पुन्हा वाजावा अशी यंत्रणा एरारनं १८२१ मध्ये काढली, म्हणूनच हे पियानोवर शक्य होतं. तरी बोटं पट्टीच्या तळाशी न नेता वरच्या वर चालवावी लागतात. गडबड झाली की ठोके गळतात आणि कानाला लय लंगडी वाटते.

शाब्रिए वगळू नका. फ्रान्सबाहेर त्याचा पियानो फारसा वाजत नाही आणि बाईंचं १९५५चं काम आजही पहिल्या पसंतीचं आहे. ‘पीएस पितोरेस्क’ हा १८८१चा दहा तुकड्यांचा संग्रह. त्यातलं ‘इदिल’ आधी ऐका: डाव्या हाताची सुटी, कोरडी साथ आणि वर गाणारी ओळ. ‘मन्युए पाँप्यू’ पुढे रावेलनी वाद्यवृंदासाठी रचला. रावेलनी ‘शाब्रिएच्या ढंगात’ असा तुकडाही लिहिला आणि ‘ल ताँबो द कूपरँ’ही लिहिलं. कूपरँ, शाब्रिए, रावेल ही एकाच घराण्याची वाट आहे, हे मेयर यांच्या मुद्रणांतून कानाला कळतं. त्यांच्या रावेलमध्ये धुकं नाही. ‘झ्यो दो’मधलं पाणी थेंबाथेंबानं मोजता येतं. ज्यांना रावेल स्वप्नाळू हवा असतो त्यांना हे कोरडं वाटेल. माझ्या मते हा कोरडेपणाच बरोबर आहे. देब्युसीचे प्रेल्यूड त्या मानानं कमी महत्त्वाचे वाटतात, चांगले असूनही. मोझार्टचे कोंचेर्तो (पियानो आणि वाद्यवृंदाच्या रचना) वाद्यवृंदाच्या बाबतीत सामान्य.

आता प्रतींचा दर्जा. पियानो हे मुद्रणाला सगळ्यात निर्दय वाद्य आहे. गळा किंवा व्हायोलिन स्वतःच थोडं हेलकावतं, त्यामुळे तबकडीचा हेलकावा लपतो. पियानोचा सूर ताठ असतो, म्हणून दोष उघडा पडतो. १९२५ हे विजेच्या मुद्रणाकडे वळण्याचं वर्ष. त्याआधीच्या कर्ण्याच्या मुद्रणात साधारण १६८ ते २,००० हर्ट्झ एवढंच पकडलं जाई. पियानोच्या ८८ पट्ट्यांपैकी डावीकडच्या ३२ पट्ट्यांचे मूळ सूर त्याखाली येतात. ते ऐकू आले तर कान वरच्या उपस्वरांवरून अंदाज बांधतो, एवढंच. म्हणून सर्वांत जुन्या तबकड्यांवरून बाईंच्या डाव्या हाताबद्दल मत बनवू नये.

प्रत पारखायची सोपी कसोटी म्हणजे शेवटचा सूर. तो विरत जातो तिथे नीट ऐका. खरखर कायम राहून सूर तिच्यात बुडत गेला, तर प्रत प्रामाणिक आहे. सुराबरोबर खरखरही गळून अचानक मखमली शांतता आली, तर आवाज घासणारं सॉफ्टवेअर जोरात चालवलं आहे, आणि त्यात सुराची शेपूटही गेली आहे. दुसरी कसोटी ठोक्याची. उजव्या हाताच्या वरच्या सुरांत हातोडीचा ‘टक्’ ऐकू आला पाहिजे. चटचट काढणारी प्रणाली हा ‘टक्’ही धूळ समजून पुसते, मग पियानो रबरी वाटतो. तिसरी गोष्ट, बनावट स्टिरिओ. साठ-सत्तरच्या दशकांत मोनो मुद्रणं डावीकडे जड आणि उजवीकडे तीव्र अशी फाकवून स्टिरिओ म्हणून विकण्याची पद्धत होती. संगणकावर एक बाजू उलटी करून दोन्ही मिळवा. खरं मोनो जवळजवळ नाहीसं होतं, बनावट तसंच ऐकू येत राहतं.

सूर चढ-उताराचं कारण बहुधा वेग. ७८ हा आकडा ठोकळ आहे. वेग १ टक्का चुकला की सूर १७ सेंट (एक सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) सरकतो, सुमारे ६ टक्क्यांनी पूर्ण अर्धस्वर. तानपुरा ट्यूनरचं अॅप लावून लांबलेला सूर तपासा. पण ए हा सूर हटकून ४४० हर्ट्झवर आणू नका. फ्रान्सचा अधिकृत स्वर १८५९ पासून ४३५ होता, ४४० हा आंतरराष्ट्रीय करार १९३९चा. या दोहोंत २० सेंटचा फरक आहे. युद्धापूर्वीची प्रत एवढी उतरलेली असेल तर ती कदाचित बरोबरच आहे. सूर सतत वर-खाली डोलत असेल तर तबकडीचं भोक मध्यावर नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक आतल्या ६० मिलिमीटर त्रिज्येवर सूर दोन्ही बाजूंना १४ सेंट हलवते. एलपीवर हा झोका १.८ सेकंदांचा, ७८वर पाऊण सेकंदाचा. भोक किंचित मोठं करून तबकडी हातानं मध्यावर आणणं हाच खरा उपाय.

तबकड्या घ्याव्यात त्या एवढ्याचसाठी: सीडीवरची सफाई तुम्हाला खटकते आणि स्वतः प्रत काढायची तयारी आहे. ७८ला एलपीची सुई चालत नाही. ती खोबणीच्या तळाशी घासते आणि नुसती खरखर वाचते. टोकाची त्रिज्या ६५ ते ९० मायक्रॉन हवी, दाब ३ ते ५ ग्रॅम. पन्नाशीतल्या मोनो एलपीला २५ मायक्रॉन. १८ मायक्रॉनची स्टिरिओ सुई चालते, पण खोल बसते. क्वचित ते फायद्याचंही ठरतं, कारण आधीच्या सुयांनी झिजवलेला पट्टा वर राहतो. स्टिरिओ कार्ट्रिजचे (सुई ज्यात बसते त्या भागाचे) दोन्ही मार्ग एकत्र करा म्हणजे उभ्या हालचालीचा गडगडाट जातो. अपवाद पाथेच्या जुन्या ‘सफीर’ तबकड्यांचा. फ्रान्सहून आलेल्या गठ्ठ्यात त्या हमखास निघतात. त्यांचं संगीतच उभ्या कापाचं असल्यानं मार्ग एकत्र केले तर संगीतच गायब होतं.

फोनो प्रीअॅम्प म्हणजे सुईचा क्षीण आवाज वाढवणारं यंत्र. त्यातला आरआयएए वक्र, म्हणजे वरचे-खालचे सूर मूळ समतोलात आणण्याचं ठरलेलं प्रमाण, १९५४ नंतरच्या एलपीसाठी आहे. त्यात १० किलोहर्ट्झला १३.७ डेसिबल कपात असते. विजेवर मुद्रित ७८मध्ये वरचे सूर बहुधा तसे चढवलेलेच नसतात. म्हणजे त्यातून वाजवली की पियानो गोधडीखाली जातो, आणि खालची बाजू फुगते, कारण तिथला वळणबिंदू (ज्याच्या खालचे सूर मुद्रणात कमी केलेले असतात) ५०० ऐवजी २५०–३०० हर्ट्झचा असतो. १९५३च्या एलपीला आरआयएएनं सुरुवात करा आणि वरचे सूर दोन-तीन डेसिबलनी कानानं जुळवा. प्रत २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला काढा. मूळ फाइल न छेडता ठेवा आणि चटचट आवाज हातानं, एकेक करून काढा.

धुताना काळजी घ्या. ७८ची तबकडी लाखेची असते, आणि ती लाख बऱ्याच अंशी आपल्याच पूर्वेकडच्या जंगलांतली. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, म्हणून एलपीसाठीचं अल्कोहोल असलेलं द्रावण लावलं की खोबण कायमची गेली. ऊर्ध्वपातित पाणी, सौम्य साबणाचा थेंब आणि मऊ ब्रश पुरे. लेबल भिजू देऊ नका, लगेच कोरडी करा.

काढलेली प्रत जालावर टाकायची असेल तर देश बघा. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रथम प्रकाशनानंतर ६० वर्षांचा, म्हणजे १९५७ पर्यंत प्रकाशित झालेल्यांचा संपलेला आहे. युरोपात १९६३ पूर्वी प्रकाशित मुद्रणं मोकळी आहेत. अमेरिकेत तसं नाही. तिथे १९४७ ते १९५६ मधल्या मुद्रणांना ११० वर्षं संरक्षण आहे, म्हणजे १९५३चा रामो २०६३ संपेपर्यंत बंद. तिथल्या मराठी मंडळींनी हे विसरू नये. शिवाय रचनेचा हक्क वेगळा. रामो, शाब्रिए, देब्युसी, रावेल भारतात मोकळे आहेत, पण मियो १९७४ मध्ये वारले, त्यामुळे ‘स्कारामूश’ २०३४ अखेरपर्यंत नाही. आणि कंपनीची सीडी उचलून टाकण्यापेक्षा प्रत स्वतःच्या तबकडीवरून काढलेली असू द्या.